कडी बाहेरून

"ताई, कडी आतून लावू की बाहेरून?" मिस्त्रीने दातांत धरलेला स्क्रू काढून विचारलं.

सुनेला प्रश्न नीट ऐकू आला होता. तरी ती वाकून प्लायच्या कडेवरून हात फिरवत राहिली, कुठे टोकबिक वर आलंय का बघत.

पेटी जवळजवळ तयार झाली होती. मोडीत निघालेल्या दोन दारांचं प्लाय, मालाच्या खोक्यांच्या फळ्या, वर कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीचं जुनं फ्लेक्स उलटं ताणलेलं. फाटक्या सोफ्याचे तुकडे जोडून गादी. सून चालवायची त्या छोट्या पिकअपच्या हौद्यात, केबिनला लागून आडवी बसेल अशी. हौदा आतून पावणेपाच फूट रुंद आणि सासूबाई आता साडेचार फुटांच्याही उरल्या नव्हत्या, म्हणून जमलं. मागचा अर्धा हौदा दुकानांना पोचवायच्या औषधांच्या खोक्यांना मोकळा राहत होता. पेटीच्या चारी कोपऱ्यांना हौद्याच्या बाहेर येतील असे लोखंडी कान होते. जॅकने एकेक कोपरा उचलायचा, कानात पाइपचा पाय घालायचा आणि गाडी पुढे काढून न्यायची. पेटी राहिली अंगणात उभी, टेबलासारखी.

ही गाडीमालकाची अट होती. "गाडी माझी, म्हातारी तुझी," तो म्हणाला होता. "रविवारी हौदा रिकामा पाहिजे. आणि माझ्या पत्र्याला एक भोक पडता कामा नये."

ह्याहून जास्त त्याच्याकडून मिळणार नव्हतं. सहा महिन्यांत सासूबाई तीनदा हरवल्या होत्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या. तिसऱ्यांदा सापडल्या त्या हमरस्त्याच्या कडेला, अनवाणी, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्याच्या खांद्याचं माप घेत होत्या. शेजारीण दिवसभर लक्ष ठेवायची, तिने हात टेकले. केबिनमध्ये शेजारी बसवून बघितलं, तर भर वेगात त्यांनी दार उघडलं. दुसऱ्या दिवशी "हा आपला रस्ता नाही गं" म्हणत स्टिअरिंगलाच झोंबल्या. मालक म्हणाला, आता एक खोकं जरी उशिरा पोचलं तर किल्ली ठेव आणि घरी बस.

नणंदेचा फोन आला होता. "आईला पेटीत घालून फिरवणार म्हणे तू?"

"तुमच्याकडे ठेवता का ताई?"

"आमच्या दोनच खोल्या आहेत."

"इथे एकच आहे."

मग, "बघ बाई, तुला काय बरं वाटेल ते," आणि फोन बंद.

मिस्त्री अजून कडी हातात घेऊन उभा होता. "आधी तुम्ही आत जाऊन बघा," तो म्हणाला. "मी बाहेरून दाबून धरतो. हाक मारलीत की सोडतो."

ती आत सरकली. पाय पोटाशी घ्यावे लागले. दार लागलं. गोंदाचा आणि ताज्या भुशाचा वास. केबिनच्या बाजूला वीतभर जाळीची खिडकी, तिच्यातून एक चौकोनी उजेड गुडघ्यावर पडला होता. स्वतःचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, अपघातात गेल्यावर दहाव्या दिवशी ह्याच सासूने शिलाईचं मशीन विकून तिला लायसन काढून दिलं होतं. "रडायचं ते गाडी चालवत रड," म्हणाली होती. पहिले दोन महिने रोज शेजारी बसून यायची, समोरच्या ट्रकवाल्यांना शिव्या द्यायची.

मिस्त्री हाताच्या अंतरावर उभा आहे हे पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा तळवा आपोआप दाराकडे गेला. दार हललं नाही. तिने मनात शंभरपर्यंत मोजलं.

"मिस्त्री."

दार उघडलं. तिने पाय खाली सोडले, चेहरा पदराने पुसला.

"बाहेरूनच लावा," ती म्हणाली. "आणि ह्या बाजूला हवेला अजून भोकं पाडा. भरपूर."

त्याने ड्रिल उचललं. पाच-सहा भोकं पडल्यावर मान वर न करता म्हणाला, "मी माझ्या आईला खाटेला बांधायचो. मऊ फडक्याने. मऊच घ्यायचो."

पहिले दहा-बारा दिवस सुरळीत गेले. घरात दिवसभर येरझारा घालणाऱ्या सासूबाई इंजिन सुरू झालं की झोपायच्या, मांडीवर घेतलेल्या तान्ह्या पोरासारख्या. सून दर दुकानाशी सावली शोधायची, खोकी उतरवायची, कडी काढून पाणी पाजायची, पाय मोकळे करायची. माल वेळेवर पोचत होता. मालकाने एकदा विचारलंसुद्धा, "काय म्हणते तुझी बिऱ्हाडकरू?"

मग त्या गुरुवारी एका दुकानदाराने मुदत संपलेली औषधं परत न्यायला काढली. एकेक पाकीट, एकेक तारीख. "भाऊ, जरा लवकर," ती दोनदा म्हणाली. "घाई असेल तर उद्या या," तो म्हणाला. अर्धा तास गेला. ती बाहेर आली तेव्हा झाडाची सावली गाडीवरून सरकून गटारावर गेली होती. पेटीतून आवाज येत नव्हता.

कडी काढताना तिची बोटं घसरली. आतून वाफ अंगावर आली. सासूबाई कोपऱ्यात मुटकुळं करून बसल्या होत्या, केस कपाळाला चिकटलेले, डोळे उघडे. दाराच्या आतल्या फळीवर नखांचे ओरखडे होते. तिने त्यांना उजेडाकडे ओढलं, बाटली ओठांना लावली. अर्धं पाणी अंगावर सांडलं. मानेवर, छातीवर ओला रुमाल फिरवत ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली, "आहे मी, आहे मी."

श्वास जागेवर आल्यावर सासूबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे बारीक करून चेहऱ्याकडे पाहिलं.

"बरं झालं बाई, आलात. चांगल्या घरच्या दिसता."

"आई, मी आहे."

"ती मला ह्याच्यात कोंडते हो. रोज. माझ्या मुलाची बायको." आवाज खाली आला. "तोंडाने गोड आहे. तुम्हालाही फसवेल. मी बोलले ते तिला सांगू नका."

सुनेने त्यांच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं. "नाही सांगत," ती म्हणाली.

तीन दुकानं उरली होती. एका खोक्यातला बर्फ वितळत आला होता, त्यातली इंजेक्शनं तासाभरात पोचली नाहीत तर फेकूनच द्यावी लागणार होती. पुढे सगळा हमरस्ता, त्यांना केबिनमध्ये बसवायची सोय नव्हती. ती हौद्याच्या कडेवर सासूबाईंना टेकवून बसून राहिली. जेवढं बसता आलं तेवढं.

"ती येईल आता," सासूबाई म्हणाल्या. तिच्या दंडाला त्यांची नखं रुतली.

"असं करू या," सून म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "तुम्ही आत बसा. मी बाहेरून कडी घालते. म्हणजे तिला आत येता येणार नाही."

सासूबाईंनी विचार केला. "तिने काढली तर?"

"मी इथेच आहे ना. तिला हात लावू देत नाही."

"तुम्ही जाल निघून."

"नाही जात."

मग त्या आपल्या आपणच आत सरकल्या. तिने रुमाल पुन्हा भिजवून जाळीवर टांगला, भरलेली बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गुडघे जवळ घेतले आणि त्या तिच्याकडे पाहून हसल्या. कितीतरी महिन्यांत अशा हसल्या नव्हत्या.

"लावा आता. आणि हलवून बघा हं. ती भारी हुशार आहे."

सुनेने कडी लावली. हलवून बघितली. मग केबिनमध्ये जाऊन बसली आणि गाडी सुरू केली.

"आहात ना?" मागच्या जाळीतून आवाज आला.

"आहे."

पुढचं दुकान येईपर्यंत थोड्याथोड्या वेळाने तेच विचारणं येत राहिलं. ती रस्त्यावरची नजर न काढता दरवेळी उत्तर देत राहिली.