दादाचं नाक आणि आत्याची पेटी

पेटी घरात आली तेव्हा आधी वास आला आणि मागून आत्या.

वास कसला म्हणून विचारू नका. करपलेलं तेल, उंदरांचा मूत आणि या दोघांच्या खाली कुठेतरी काहीतरी कुजकं, गोडसर, घशात जाऊन बसणारं. दादानं हातातलं वर्तमानपत्र खाली केलं, नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "चिमे, काय मेलंय त्यात?"

आत्याला घरीदारी, जिन्यात, बाजारात सगळे आत्याच म्हणायचे. भाचरं मोठी होऊन परगावी गेली, पण नाव मागे ठेवून गेली. वहिनीसुद्धा तिला आत्याच म्हणे. एकट्या दादासाठी ती अजून चिमी होती, आणि बाईनं पन्नाशी कधीच ओलांडली होती.

"काही मेलं नाहीये. हत्यारांची पेटी आहे. भंगारवाल्याकडून आणली."

"भंगार? घरात?"

"मग काय जिन्यात ठेवू? चहा होईपर्यंत पळवेल कोणीतरी."

आता पेटीचं कौतुक आत्याला का, ते ऐका. उभं आयुष्य तिनं एका शिवणकारखान्यात मशीनवर काढलं होतं. मेकॅनिक वेळेवर आला असं कधी व्हायचं नाही, मग मशीन टाके सोडायला लागलं की बायका आत्याला हाक मारायच्या. शटल अडकलं, बघ आत्या. दोरा तुटतोय, बघ आत्या. हळूहळू तिचा हात असा बसला की मशीनच्या आवाजावरून ती दुखणं सांगायची. अखेर तो मेकॅनिक कायमचा निघून गेला आणि मालकीणबाई म्हणाल्या, "शिवण पुरे आता. मेकॅनिक म्हणून या. सोमवारपासून. पण हत्यारं आणि पेटी तुमची तुम्ही आणायची." त्या धंद्यात रीतच तशी. ज्याची त्याची पेटी, आणि दुसऱ्याच्या पेटीत कोणी हात घालायचा नाही. ज्याला पेटी नाही तो मेकॅनिक नाही, नुसता मदतनीस.

नव्या पेट्या आत्यानं बघितल्या होत्या. पातळ पत्रा, बोटानं दाबला तरी खड्डा. ही भंगारातली मात्र जाड पत्र्याची, झाकण दोन्हीकडे उघडलं की आतले कप्पे पायऱ्यांसारखे वर येणारे, माणूस वर उभा राहिला तरी हूं की चूं करायची नाही. कोणा शिवणमशीनच्याच मिस्त्रीची असणार, कारण एका कप्प्यात सुया ठेवायच्या खाचा होत्या. त्या खाचा बघितल्या आणि आत्याचा जीव जडला.

दादाचं म्हणणं निराळं होतं. हे घर बापानं दोघांच्या नावावर केलेलं, पण घरात आवाज एकट्या दादाचा. त्यानं शेजाऱ्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं, "आमच्या चिमीला म्हटलं, बस झालं काम. आता घरात आराम कर." चिमीला हे जिन्यात तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

"हे बघ," दादा रुमालातून म्हणाला, "मी काही नाही म्हणत नाही. वास गेला तर ठेव पेटी. नाही गेला तर सोमवारी सकाळी भंगारवाल्याला परत. आणि पेटी नाही तर ते मेकॅनिकचं खूळही नाही. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. तिला वाटलं, वासच तो, न जाऊन जातो कुठे!

तिनं पेटी बाथरूममध्ये नेली आणि कढत पाणी, साबण आणि ब्रश घेऊन अशी घासली की कोपरापर्यंत हात लाल झाले. गॅलरीत उन्हात उघडी ठेवली. संध्याकाळी हुंगली, तर वास होता त्याच्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी खायचा सोडा पाण्यात कालवून थापला, धुतला. वास हलेना. मग व्हिनेगर. फटींत राहिलेल्या सोड्यावर व्हिनेगर पडल्याबरोबर पेटी अशी फसफसली की वहिनी ओरडत बाहेर पळाली. नंतर पुन्हा कढत पाणी. वहिनीनं, बिचारीनं, आपली अत्तराची बाटली आणून चार थेंब टाकले. आता पेटीला कुजलेल्या गुलाबांचा वास यायला लागला, आणि आजार परवडला पण औषध नको असं झालं.

दादा मात्र खुशीत होता. येता-जाता गॅलरीच्या दारात उभा राहून विचारायचा, "गेला का गं वास?" आणि उत्तर न ऐकताच निघून जायचा.

आत्याची चिडचिड वाढली. धुवावं तितका वास वाढतो, हे काय गौडबंगाल? तिनं कप्पे घासले, बिजागऱ्या काडीनं कोरल्या, झाकणाच्या कडा साफ केल्या. एक दिवस वैतागून तिनं हात थेट तळाला घातला आणि जोरात ब्रश मारला, तर नख आत रुतलं. पत्र्यात नख रुततं का कधी? तिनं चष्मा लावला आणि डोकं पेटीत घातलं. तळ पत्र्याचा नव्हताच. तळाला जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, चिकटवलेला होता, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळा होऊन पत्र्यासारखा दिसणारा. तिनं कोपरा उचकटला. खालून पिवळट, बुळबुळीत, चिकट असं काहीतरी वर आलं आणि वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरस! जनावरांच्या हाडाकातड्याचा, जुने लोक लाकडाला लावायचे तोच. कोरडा आहे तोवर दगडासारखा गप्प पडून राहतो, पाणी लागलं की मऊ होतो आणि मग कुजतो. आणि आपली आत्या त्याला रोज कढत पाणी पाजत होती! रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. आयुष्यभर स्वच्छतेचा तोरा मिरवलेली बाई, वास आला की धुवायचं आणि नाही गेला तर आणखी धुवायचं, एवढंच तिला ठाऊक. दुसरी कोणी असती तर तिला आत्यानंच चार शब्द सुनावले असते.

"वहिनी!" ती ओरडली. "अगं वहिनी, मीच पोसत होते गं त्याला!" आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसून हसत सुटली.

मग कामाला लागली. नमदा सोलून काढला, कागदात गुंडाळून थेट कचऱ्याच्या गाडीत टाकला. सरस सुरीनं खरवडला, राहिलेला गरम फडक्यानं पुसून घेतला, तळ पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केला. पाण्याचं नाव नाही आता. कोरडं फडकं, ऊन, रात्रभर आत कोरडा सोडा आणि कोळशाचे खडे, सकाळी झटकून मशीनच्या तेलाचा पातळ हात. शेवटी डोकं आत घालून तिनं दीर्घ श्वास घेतला. लोखंडाचा थंड वास, आणि थोडासा तेलाचा. बाकी काही नाही. वहिनीनंही नाक खुपसलं आणि म्हणाली, "गेला गं बाई! खरंच गेला."

आत्या धावत दादाकडे गेली. "दादा, चल, बघ. वास गेला."

दादा वर्तमानपत्रातून उठलासुद्धा नाही. तिथूनच, मधे दोन दारं आणि एक पडदा असताना, त्यानं हवेत नाक फिरवलं. "येतोय की."

"अरे जवळ तरी ये!"

"इथपर्यंत येतोय, तर जवळ कशाला जाऊ?"

आत्यानं वहिनीकडे बघितलं, वहिनीनं आत्याकडे. पालथ्या घड्यावर पाणी कितीही ओता. आत्या पाय आपटत गॅलरीत परत गेली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं.

दाराजवळ खिडकीखाली दादाचं एक स्टूल होतं. तिथे बसून तो बूट घालायचा, आणि उजेड चांगला म्हणून पेपरही तिथेच वाचायचा. त्या दिवशी दुपारी तो बाहेर गेल्यावर आत्यानं स्टूल आपल्या खोलीत सारलं, जागेवर पेटी ठेवली, वर जाड चादर घातली, चादरीवर उशी. गॅलरीत पेटीच्या जागी बादली पालथी घातली आणि तिच्यावर ताडपत्री ओढली.

"स्टूलाचा पाय हलतोय, दुरुस्तीला काढलंय," दादा आल्यावर तिनं सांगितलं. "तोवर यावर बस."

दादा बसला. जरा हलून बघितलं. "छान आहे गं. त्या डुगडुग्या स्टूलापेक्षा हे बरं."

आणि मग त्यानं पेपर उघडला, गॅलरीकडे मान वळवली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "ती ब्याद अजून तिथेच आहे ना? काय घाण वास येतोय! इथे बसवत नाही."

वहिनीनं तोंडात रुमाल कोंबला आणि स्वयंपाकघरात पळाली. पातेल्यांचा आवाज केला तिनं मुद्दाम, पण हसू काही लपलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा ऐकलं होतं, पण कळशावरच बसून गावभर बोंब मारणारा माणूस तिनं पहिल्यांदा बघितला. सोमवारपर्यंत दादा तिथेच बसला. तिथेच चहा प्यायला, तिथेच नखं कापली, तिथेच एकदा डुलकीसुद्धा काढली, आणि प्रत्येक वेळी गॅलरीच्या नावानं खडे फोडले.

सोमवारी सकाळी दारावर थाप पडली. दादानं खरंच भंगारवाल्याला बोलावलं होतं. आत्या बाहेर जायचे कपडे घालून, केस घट्ट बांधून तयार होती. मान ताठ होती.

"या, या," दादा उठून म्हणाला. "गॅलरीत आहे. रुमाल लावा हं नाकाला." आणि झोकात जाऊन त्यानं ताडपत्री ओढली.

खाली पालथी बादली.

"पेटी कुठेय, चिमे?"

"तू बसला होतास तिच्यावर," आत्या म्हणाली. "शनिवारपासून."

तिनं उशी उचलली, चादर ओढली. हिरवी, घासूनपुसून लख्ख झालेली पेटी उजेडात आली. तिनं झाकण दोन्हीकडे उघडलं, तसे कप्पे वर आले. भंगारवाला वाकला, हुंगला आणि कौतुकानं म्हणाला, "आत्या, हीच का ती? काय केलंत काय? वासच नाही की!"

दादाचा चेहरा लाल झाला. वाकणं आता भागच होतं. तो वाकला, नाक आत घातलं, वर आला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "येतोय. मला येतोय."

भंगारवाला आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"कशाचा रे, दादा?" आत्यानं विचारलं. आवाज चढवला नव्हता तिनं. "सांग ना. तेलाचा? उंदराचा? कशाचा वास येतोय?"

आणि मग दादाच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. "कशाचा म्हणजे? या वयात बाईमाणसानं लोखंडी पेटी उचलून जिन्यातून जायचं? काळे हात घेऊन घरी यायचं? मी सगळ्यांना सांगून बसलोय तू काम सोडलंस म्हणून! काय म्हणतील लोक मला?"

"हं," आत्या म्हणाली. "मग हे आधीच सांगायचं होतंस. मी उगाच सोडा वाया घालवला."

ती आपल्या खोलीत गेली. फडक्यात गुंडाळलेली हत्यारं बाहेर आणली आणि दादाच्या समोर एकेक करून कप्प्यांत लावली. स्क्रूड्रायव्हर, पाने, चिमटा, तेलाची कुपी, सुया त्यांच्या खाचांत. कुठेही घाई केली नाही.

"वास गेला तर ठेव म्हणालास," ती म्हणाली. "वास गेला. आता तुला लाज वाटतेय, तर ती घालवायला माझ्याकडे ना सोडा आहे ना कोळसा. ती तुझी तू धू. आणि मला चिमी म्हणू नकोस. चिमी फ्रॉक घालायची, तुझं ऐकायची. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, डबा आत्याच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न बघता दार उघडून धरलं. भंगारवाला बाजूला सरकला.

पेटी जड होती. आता तळाला नमदाही नव्हता, त्यामुळे पायरीपायरीला हत्यारं पत्र्यावर खणाखणा वाजायला लागली. आत्यानं एकदा पेटी छातीशी धरून आवाज दाबायला बघितला. मग तिला स्वतःचाच राग आला. तिनं पेटीची कडी मुठीत धरली, हात सैल सोडला आणि पेटी वाजू दिली.

खालच्या मजल्यावर एक दार उघडलं, मग समोरचं. "आत्या? अहो, काय हे? कुठे निघालात?"

"कामाला!" आत्या म्हणाली, वरपर्यंत ऐकू जाईल अशी. "मशीन दुरुस्त करायला."

वरून कठड्यावरून दादाचा आवाज आला. "पेटी परत घरात आणायची नाही हां! सांगून ठेवतोय!"

आत्या थांबली. मान वर केली. दादा कठड्यावर वाकलेला होता, जिन्यातली सगळी दारं उघडी होती आणि सगळे ऐकत होते.

"आणणार!" ती म्हणाली. "रोज आणणार आणि खिडकीखालीच ठेवणार. तुला बसायचं असेल तर पुसून बस, तेल लागेल."

आणि पेटी वाजवत ती उरलेला जिना उतरली.