कांजीच्या पिंपाचा घोडा

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो. माझ्या पोटात दोनशे लिटर पाणी मावतं, माझे चारही पाय लोखंडी पाइपांचे होते आणि माझी मान म्हणजे एका मोडक्या मागाची फळी होती. एवढं सोडलं तर माझ्यात आणि बाकीच्या घोड्यांत काही फरक नव्हता.

माझा जन्म पिंप म्हणून झाला. सुरतेजवळ पांडेसऱ्याच्या एका कापड कारखान्यात मी पोटात कांजी घेऊन आलो. सुताला ताठपणा यावा म्हणून त्याला कांजी पाजतात. कांजी संपली, मला धुतलं आणि भिंतीशी उभं केलं. पिंपाच्या आयुष्यात याहून जास्त काही घडत नाही. माझ्या आयुष्यात हिलाल घडला.

हिलाल त्याच कारखान्यात कामाला होता. माणूस खानदेशातला, सारंगखेड्याकडचा. त्याच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना चाल शिकवली होती. आमच्या शेठनी कुणाच्या तरी वरातीत भारावून जाऊन एक घोडी विकत घेतली होती, आणि तिचं पुढं काय करायचं हे ते विचारायलाच विसरले होते. कडोदऱ्याच्या रस्त्याला त्यांचं छोटं फार्म होतं. चिकूची झाडं, पंप बसवलेली विहीर, मागून वाहणारा कालवा आणि मध्ये उभी ही घोडी. एकदा हिलाल जेवणाच्या सुट्टीत सहज बोलून गेला, "घोडं म्हणजे आमच्या घरातलंच." झालं. शेठनी त्याला मागावरून उचलून थेट फार्मवर नेलं.

जाताना हिलालनं एकच वस्तू मागितली.

"शेठ, वो पीप मेरेको चाहिए."

"पीपडुं? शुं करवानुं?"

"घोडा बनाऊंगा."

शेठ पक्के व्यापारी. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

मला आडवं करून पाय जोडले, मान लावली, सुताच्या गुंत्याची शेपटी लावली आणि पाठीवर गोणपाट शिवलं. रंगखात्यातला उरलेला तांबडा रंग तेलात कालवून हिलालनं मला फासला. तो रंग आजवर पूर्ण वाळलेला नाही. त्यामुळं माझ्यावर बसलेलं प्रत्येक मूल तांबडं बूड घेऊन घरी जायचं. त्यांच्या आया फार्मच्या दाराशी येऊन भांडायच्या. हिलाल हात जोडून म्हणायचा, "बेन, डाग नहीं है. सर्टिफिकेट है."

दर शनिवारी आणि रविवारी सकाळी दहा-बारा मुलं घोड्यावर बसायला शिकायला यायची. हिलालचा नियम असा, की पहिला महिना माझ्यावर काढायचा. हातात ताकाचा भरलेला पेला धरायचा, हिलाल मला खालून गदागदा हलवणार, आणि ताक सांडलं नाही तरच खऱ्या घोडीला हात लावायचा. म्हणून मी घोडा नंबर एक आणि ती घोडी नंबर दोन. हे मी तिला कधी ऐकवलं नाही. मोठेपणा असा मिरवू नये. एक मुलगा सात महिने माझ्यावर बसला. जाताना हिलालला म्हणाला, "सर, आपका घोडा बहुत शांत है." अशी कौतुकाची थाप पाठीवर पडली की पिंपालासुद्धा ऊर भरून येतो, मित्रांनो. मी आता पिंप उरलो नव्हतो. पोट रिकामं होतं, पण मान वर होती.

घोडीचं नाव बुंदी. पांढऱ्या अंगावर बदामी ठिपके, कुणीतरी ताट सांडल्यासारखे. ती वरातीत वाढलेली, त्यामुळं रस्त्यानं बँड चालला की पाठीवर कोण बसलंय याची पर्वा न करता ती फाटकाशी जाऊन नाचायची. पण हा एवढा गुण सोडला तर तिच्यासारखं शहाणं जनावर नव्हतं. हिलालनं तिला एक गोष्ट अशी शिकवली होती की बघायला लोक यायचे. बांधलेली दोरी ओढायची नाही. पाहुणे आले की हिलाल कापडाच्या सुताचा एक धागा घ्यायचा, कच्चा, फुंकरीनं तुटेल असा. त्या धाग्यानं बुंदीला चिकूच्या फांदीला बांधायचा आणि आत जाऊन भाकरी खाऊन यायचा. बुंदी तिथंच. फांदीलासुद्धा कळायचं नाही की तिला घोडी बांधलीय. पाहुणे टाळ्या वाजवायचे. हिलालची मान माझ्या मानेपेक्षा वर जायची.

त्याचा पहिला धडा एका ओळीचा होता. "आधी बांधा, मग निघा." मुलांना तो एक खास गाठ शिकवायचा. घोड्यानं कितीही ताणलं तरी ती घट्ट बसते, पण लोंबतं टोक नुसतं ओढलं की एका दमात सुटते. ही गाठ सगळ्यांत सुरेख मारायची हिलालची मुलगी, आठ वर्षांची धनश्री. डोळे मिटून मारायची. ताकाच्या परीक्षेत ती चारदा पास झालेली. एकदा तर तिनं मी हलत असताना ताक पिऊन दाखवलं.

तरी बुंदीवर बसायला तिला परवानगी नव्हती. हिलालच्या घरची रीत अशी, की घरचं मूल पहिल्यांदा घोड्यावर बसतं ते दसऱ्यालाच. त्या दिवशी घोडी धुवायची, तिला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि मग बसायचं. धनश्रीनं माझ्या ओल्या रंगात नखानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. दसऱ्याला जितके दिवस, तितक्या रेघा. रोज सकाळी ती एक रेघ अंगठ्यानं पुसायची आणि बुंदीच्या कानात आकडा सांगायची.

वीस रेघा राहिल्या होत्या तेव्हा सुरतेत प्लेग आला.

ते साल चौऱ्याण्णव, महिना सप्टेंबर. फार्मसमोरचा रस्ता एका दिवसात नदीसारखा वाहायला लागला. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, ट्रक, टेम्पो, हातगाड्या. कोण म्हणे हवेतून होतो, कोण म्हणे पाण्यातून. एक माणूस तर कोंबडी कुशीत घेऊन पळत होता आणि कोंबडीच्या चोचीलाही त्यानं चिंधी बांधली होती. मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्या सगळ्या गर्दीत शहाणा तोच होता.

हिलालची बायको मालतीबाई गाठोडं बांधून दारात उभी राहिली.

"माले काही ऐकनं नही. पोर शे आपली. गावले चाला."

धनश्रीनं बापाचा सदरा धरला. "आबा, बुंदीले बी लई जाऊत ना."

"रेल्वेमा घोडी बसस का, येडी?"

"मंग मी बी नही येत."

हिलाल तिच्यापुढं उकिडवा बसला. "चार दिनमा वापस येऊत. तुना दसरा कोठे पळी जाई रायना का? जाय, तुना हाते बांध तिले."

धनश्रीनं बुंदीला माझ्याशेजारच्या खांबाला बांधलं. गाठ अशी मारली की हिलालनं वळून दोनदा बघितली. कडब्याचा ढीग टाकला, दोन बादल्या आणि एक घमेलं पाण्यानं भरून ठेवलं. शेजारच्या फार्मचा राखणदार योगराज, हिलालच्याच गावाकडचा, कुंपणापाशी उभा होता. हिलालनं त्याला हाक मारली.

"योगराजभाऊ, चार दिवस घोडीकडं बघशील ना?"

"जा रे बिनधास्त. मी कुठं जातोय?"

योगराज संध्याकाळी गेला. जाताना त्यानं रस्त्यावरच्या दूधवाल्या कुंदनला, तोही गावाकडचाच, ओरडून सांगितलं, "घोडीला पाणी पाज रे!" कुंदननं मान हलवली. तो त्या वेळी चालत्या टेम्पोत बसलेला होता. टेम्पोत सगळ्यांचीच मान हलते.

अशा रीतीनं घोडीची सगळी व्यवस्था झाली.

पहिल्या दिवशी बुंदीनं दोन्ही बादल्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी घमेलं संपलं. तिसऱ्या दिवशी तिनं घमेल्याचा तळ चाटला आणि फाटकाकडं बघत उभी राहिली. त्या आठवड्यात पावसानंही गाव सोडलं होतं. कालवा शंभर पावलांवर. त्याचा आवाज आम्हा दोघांना ऐकू येत होता.

गाठीचं टोक तिच्या तोंडासमोर लोंबत होतं. वारा आला की ते तिच्या ओठाला लागायचं. दातांनी धरून एकदा ओढलं असतं तरी पुरे होतं. पण दोरी ओढायची नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ती तोंड बाजूला घ्यायची आणि पुन्हा फाटकाकडं बघायची.

आणि मी? मी शेजारी उभा होतो, मान वर करून. एका घोडीला दिवसाला तीस लिटर पाणी लागतं. माझ्या पोटात दोनशे मावतं. हिशेब करायला मला सहा दिवस मोकळे होते. मी नुसतं पिंप म्हणून उभा असतो तर हिलालनं जाताना मला काठोकाठ भरलं असतं. पण मी घोडा नंबर एक होतो. आडवा होतो, रिकामा होतो आणि रुबाबात होतो. रिकामं भांडं फार वाजतं म्हणतात. मी त्या आठवड्यात एकदाही वाजलो नाही.

चौथ्या दिवशी पहाटे माझ्या अंगावर दव पडलं होतं. बुंदीनं मान लांब केली आणि माझी पाठ चाटली. तिची जीभ खरखरीत झाली होती. जिभेला रंगही लागला असेल. पाचव्या दिवशीही तिनं तेच केलं. आयुष्यात मी तिला एवढंच पाणी देऊ शकलो. सहाव्या दिवशी पहाटेही दव पडलं, पण ती मला चाटायला उठली नाही.

पुढची हकिकत मला नंतर धनश्रीच्या तोंडून कळली. गावच्या बाजारात हिलालला योगराज दिसला. हिलाल जागच्या जागी थांबला.

"तू इथं? मग घोडीपाशी कोण?"

"कुंदन आहे ना."

"अरे, कुंदन तर तिकडं भजी खातोय!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग हिलाल स्टेशनाकडं धावला. सुरतेकडं जाणाऱ्या त्या गाडीच्या डब्यात हिलाल, मालतीबाई आणि धनश्री, एवढी तीनच माणसं होती. तिकीट तपासायलाही कुणी आलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. धनश्री सगळ्यांच्या पुढं. बुंदी आडवी पडली होती, पण तिनं एक कान वळवला. दोरी अजून सैलच होती. धनश्रीनं लोंबतं टोक ओढलं आणि गाठ एका दमात सुटली. फार चांगली गाठ होती ती.

हिलालनं बादली आणली, ओंजळीनं पाणी तिच्या तोंडात सोडलं. दोन घोट तिनं घेतले. तिसरा ओठांवरून खाली आला. जनावरांचा डॉक्टर शोधायला तो सायकलवर गेला आणि तसाच परत आला. डॉक्टरच्या दाराला कुलूप होतं. दुपार व्हायच्या आत बुंदी गेली.

हिलालनं सुटलेली दोरी उचलली. मग धनश्रीनं विचारलं, "आबा, तिले टोक ओढता येत व्हतं ना?"

"हा."

"मंग काब्रं नही ओढं?"

हिलाल दोरी हाताला गुंडाळत होता. गुंडाळून झाली की सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

"मी शिकाडेल व्हतं," तो म्हणाला.

दसऱ्याला मालतीबाईनं सवयीनं झेंडूची माळ केली. ती कुणाला घालायची हे कुणी विचारलं नाही. ती दिवसभर टोपलीत पडून राहिली. तिसऱ्या प्रहरी धनश्री लोखंड कापायची करवत घेऊन माझ्यापाशी आली आणि बापाला म्हणाली, "याना पाय काप."

हिलालनं माझे पाय कापले, मान काढली, वरचं झाकण कापून घेतलं. मला उभं केलं, आतून तीनदा धुतलं. इतक्या वर्षांनी पुन्हा पिंप होताना मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. हिलाल रंग खरवडायला लागला तेव्हा मात्र धनश्रीनं त्याचा हात धरला. "राहू दे. रेघा शेत."

मला फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला ठेवलं. आजूबाजूला खांब नाही, दोरी नाही. घोडेस्वारीचे वर्ग बंद झाले. हिलाल पुन्हा मागावर गेला, राहायला मात्र फार्मवरच राहिला. त्या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. धनश्री तेरा वर्षांची आहे. शाळेला जाण्याआधी ती मला काठोकाठ भरते. गाई येतात, बकऱ्या येतात, एकदा एक उंट आला आणि एका दमात मला अर्धा करून गेला. पिताना सगळे माझ्या अंगाला गळा घासतात. कडोदऱ्याच्या रस्त्याला तांबड्या गळ्याची म्हैस दिसली, तर तो आजार नाही, मित्रांनो. ते सर्टिफिकेट आहे.

कुणी पाणी भरताना बघून धनश्रीला विचारतं, "हे कसलं पिंप गं?" ती म्हणते, "पिंप नाही, घोडा आहे." तिच्या तोंडून ते ऐकताना मला लाज वाटते आणि बरंही वाटतं.

तुमच्यावर घर सोडून पळायची वेळ कधी न येवो. आलीच, तर दाराला कुलूप नंतर लावा. आधी दाव्याशी जा, पिंजऱ्याशी जा, आणि दुसऱ्याला सांगून नव्हे, आपल्या हातानं सोडा. वांड जनावर स्वतःच सुटून जाईल, त्याची काळजी नको. पण तुमचं जनावर फार शहाणं असेल, सांगितलेलं सगळं ऐकणारं असेल, तर गाठ सोडल्यावरही त्याच्याजवळ जरा थांबा. त्याला दोनदा सांगा, की जा.

माझ्या अंगावर, गळे पोचत नाहीत तिथं, अजून वीस रेघा आहेत. रंग वाळलेला नाही, त्यामुळं अंगठा फिरवला तर आजही त्या पुसल्या जातील. धनश्री रोज पाणी भरून झालं की पहिल्या रेघेवर अंगठा ठेवते, थोडा वेळ तसाच ठेवते, आणि दप्तर उचलून शाळेला जाते.