फुल बाह्यांचा शर्ट

सावनीने ती लिंक पाठवली तेव्हा मी कणीक भिजवत होते. पिठाच्या हातानेच उघडली, फोटो बघितले आणि फोन ओट्यावर पालथा घातला. मग पुन्हा उचलला आणि पोरीला फोन लावला. म्हटलं, "आईबापाला असलं पाठवायला लाज नाही वाटत?"

सावनी आमची एकुलती एक. इथेच अमेरिकेत जन्मली, शिकागोजवळ शॉमबर्गला असते, फिजिकल थेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या पाठी आणि गुडघे दाबते, त्यामुळे तिला कशाचं म्हणून काही वाटत नाही.

"आई, रिलॅक्स. क्लोदिंग ऑप्शनल रिसॉर्ट आहे. ऑप्शनल! नोबडी केअर्स. बाबाला अशीच जागा पाहिजे, जिथे नोबडी केअर्स. आणि यू टू नीड अ ब्रेक, जस्ट द टू ऑफ यू."

"तुझ्या बाबाला सांगू, चल नागड्यांच्या हॉटेलात म्हणून?" असं म्हणून मी फोन आपटला. पण पोरीने बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.

माझा नवरा गिरीश सांगलीचा, कृष्णेत पोहून मोठा झालेला. टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ शुगर लँडला हे घर घेतलं तेही कॉलनीला स्विमिंग पूल आहे एवढंच बघून. शनिवारी सकाळी आसपासची सगळी पोरं 'काका, काका' करत त्याच्यामागून पाण्यात. मग त्याला कोड आलं. आधी बोटांवर, मग मानेवर, मग पाठीवर. डॉक्टर म्हणाले विटिलिगो आहे, दुखत-खुपत काही नाही, कुणाला लागण तर मुळीच होत नाही. आम्हीही म्हटलं, ठीक आहे.

आणि एका शनिवारी गिरीश पाण्यात उतरला तशी आमच्या शेजारच्या प्रीताने तिच्या मुलाला हाक मारली. "नकुल, आउट! नाऊ!" पोरगं म्हणालं, "बट काका जस्ट केम!" तिने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. ते बघून आणखी दोघींनी आपापली पोरं काढली. एवढ्या मोठ्या पाण्यात गिरीश एकटा उभा राहिला. नंतर प्रीता मला म्हणते, "लतिका, राग मानू नकोस हं, जस्ट प्रिकॉशन." तिच्या दारात उभं राहून मी जे सुनावलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. पण त्याने काय होणार होतं? गिरीश त्यानंतर इतक्या वर्षांत पाण्यात उतरला नाही.

त्या दिवसापासून फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. ह्यूस्टनकडचा ऑगस्ट ज्याने काढलाय त्यालाच कळेल ही काय शिक्षा आहे. बरं, लोकांसमोर ठीक, एक वेळ समजू शकते. पण हा माणूस माझ्यासमोरसुद्धा शर्ट बदलेना! बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, झोपायलाही बनियन आणि वर टी-शर्ट. इतक्या वर्षांचा संसार आमचा, आणि मला त्याची पाठ दिसायची बंद झाली. मी चिडायचे, ओरडायचे, तो गप्प बसायचा. त्याच्या त्या गप्प बसण्याची मला हळूहळू भीती वाटायला लागली होती.

म्हणून दोन आठवड्यांनी मीच ती लिंक परत उघडली.

आता आमच्यात कुठे जायचं म्हटलं की आधी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात. कुठे उतरलात, व्हेज मिळतं का, चहा कसा होता. नुसतं 'यलोस्टोन' लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत चाळीस सल्ले येतात. हे कुणाला विचारणार? 'मैत्रिणींनो, कपडे न घालता राहायला चांगली जागा सुचवा'? मग मीच सगळीकडे फोन केले. स्थळाची चौकशी करतात तशी नीट, खोदून खोदून.

पहिलं फ्लोरिडातलं. प्रचंड मोठं, डीजे, फेसाची पार्टी, फोटोत सगळे पंचविशीतले आणि प्रत्येकाच्या हातात ग्लास. फोनवरच्या मुलाने गोड आवाजात विचारलं, "तुम्ही दोघं लाइफस्टाइलमधले का?" मी म्हटलं, आमची लाइफस्टाइल उत्तम आहे, स्वतःचं घर आहे, नवरा ऑइल कंपनीत इंजिनियर आहे. तो हसला आणि म्हणाला, मग तुम्हाला इथे खूप मित्र मिळतील. सावनीला सांगितलं तर ती खिदळत सुटली. "आई! तिथे कपल्स एकमेकांचे पार्टनर स्वॉप करतात!" मी कपाळावर हात मारला आणि तो नंबर ब्लॉक केला.

दुसरं टेक्सासमधलंच, ऑस्टिनच्या पलीकडे टेकड्यांत. ड्राइव्ह करून जाता येईल, शांत, बरं वाटलं. हे गिरीशला दाखवावं म्हणून मी सगळा धीर गोळा केला आणि जेवताना विषय काढला. त्याने घास तसाच हातात धरला.

"लते, तुला वेड लागलंय का?"

"लागलंय. पुढे बोल."

"ऑस्टिनजवळ? तिथे मंडळाचं कुणी भेटलं तर?"

"भेटलं तर तेही नागडेच असतील ना! ते काय जाऊन सांगणारेत?"

त्याला हसू आलं पण त्याने दाबलं. मग भात कालवत राहिला. आमटी वाढून घेत म्हणाला, "लांबचं बघ काहीतरी." मी ताटावरून उडालेच असते. नाही म्हणाला नव्हता!

तिसरं होतं ॲरिझोनात, फिनिक्सपासून तासाभरावर वाळवंटात. मोजक्या खोल्या, गाणी नाहीत, पार्टी नाही, एक मोठा पूल. फोन मालकिणीनेच उचलला. डोना नावाची बाई, आवाजावरून सत्तरीची. मी म्हटलं, कपडे काढावेच लागतात का? म्हणाली, नाही. व्हेज मिळेल का? स्वयंपाकघर आहे, हवं ते करा. काही नियम? एकच, म्हणाली. आपला टॉवेल आपल्याजवळ ठेवायचा आणि जिथे बसाल तिथे तो अंथरून बसायचं, दुसऱ्याच्या टॉवेलवर बसायचं नाही. मला एकदम माझी सोवळ्यातली आत्या आठवली. म्हटलं, हे घर चांगलं दिसतंय.

मग घसा खाकरून विचारलं, "माझ्या नवऱ्याच्या अंगावर पांढरे डाग आहेत. पुलात कुणाची काही हरकत..."

डोना म्हणाली, "हनी, माझ्या एका स्तनाच्या जागी नुसता व्रण आहे. तुम्ही या."

मी तिथेच बुकिंग केलं.

गिरीशने अट घातली. शर्ट काढणार नाही, पाण्यात उतरणार नाही, नुसतं सोबत येईन. मी म्हटलं, तू ये तर खरं. पण इथेही कुणी नाक मुरडलं तर हा माणूस आणखी आत जाऊन बसणार आणि मग मला कधीच सापडणार नाही, हे मला कळत होतं.

मार्च महिना, तिथली हवा कोरडी आणि छान. डोना गेटवर आली ती डोक्याला हॅट, डोळ्यांना चष्मा, पायात चपला. बस. मी ठरवलं होतं की सरळ चेहऱ्याकडे बघायचं. पण पुढे गेल्यावर इतके चेहरे आणि चेहऱ्यांखाली इतकं काय काय, की मी आभाळाकडे बघत चालायला लागले आणि निवडुंगाच्या कुंडीला जाऊन धडकले. गिरीशने दंडाला धरून सावरलं.

अगं बाई, पण फोटोतल्यासारखं तिथे कुणीच नव्हतं! सगळी आमच्याच वयाची नाहीतर आमच्याहून मोठी. पोटं सुटलेली, गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके, एकाच्या छातीवर बायपासची लांब खूण, एका बाईच्या पोटावर सिझेरियनची. कुणी शब्दकोडं सोडवतंय, कुणी घोरतंय. आम्ही दोघं पुलाकाठी टॉवेल अंथरून बसलो. मी सलवार-कमीज आणि ओढणी, गिरीश फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

आणि सगळे आमच्याकडे बघायला लागले. म्हणजे उघड नाही, पण शब्दकोड्यावरून नजर उचलून, चष्म्याच्या वरून. शेवटी ते बायपासवाले आजोबा उठून आमच्यापाशी आले आणि अदबीने म्हणाले, "माफ करा, तुम्ही काउंटीकडून आलात का? पाणी तपासायला?"

मी गिरीशकडे बघितलं. त्याचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडतोय. आणि हा माणूस हसायलाच लागला! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याचं ते हसणं मी विसरूनच गेले होते. आजोबांना कळेना काय झालं, तेही हसले आणि परत जागेवर जाऊन बसले.

"लते," तो डोळे पुसत म्हणाला, "सगळे माझ्याकडेच बघतायत यार."

"शर्टाकडे बघतायत. काढ तो."

त्याने एकदा त्या बायपासवाल्या आजोबांकडे बघितलं. मग त्याने बटणं काढायला घेतली. मी मदत केली नाही. शर्ट निघाला, बनियन निघालं. चड्डीचं काय झालं ते मी सांगणार नाही, तेवढं तुम्ही समजून घ्या. तो उठला आणि पुलाकडे चालायला लागला, आणि मला त्याची पाठ दिसली.

निम्म्याहून जास्त पांढरी झाली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत. इतकं पसरलंय हे मला माहीतच नव्हतं. डागांचं मला काही नव्हतं हो, पण एवढं सगळं त्याने एकट्याने आरशात बघितलं, कडी लावून, याचा मला असा काही राग आला आणि असं काही भरून आलं की मी ओढणीचं टोक दातांत धरलं.

त्याने पायरीवर पाऊल ठेवलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. पुलात तेव्हा एकच बाई होती, उंच, गवती हॅट घातलेली, उथळ बाजूला उभी राहून पुस्तक वाचत होती. तिने मान वर करून गिरीशकडे बघितलं. पुस्तक मिटलं. आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी भराभर पाण्याबाहेर निघाली.

गिरीश होता तिथे थिजला. मग त्याने वळायला सुरुवात केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, चपलासुद्धा घातल्या नाहीत, आणि त्या बाईला गाठलं. ठाण्याच्या चाळीत कमावलेला आवाज आहे माझा. "एक्सक्यूज मी! इट इज नॉट कंटेजियस!"

घोरणारासुद्धा जागा झाला.

"काय नाही कंटेजियस?" बाई गोंधळून म्हणाली.

"माझ्या नवऱ्याचे डाग! तुम्ही बाहेर का आलात?"

तिने एकदा गिरीशकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "हनी, मी सकाळपासून दोन मोठे ग्लास आइस टी प्यायलेय," ती म्हणाली. "मला बाथरूमला जायचंय. जाऊ का?"

मी बाजूला झाले. दुसरं करणार काय! ती तुरुतुरु गेली, दार लागलं.

जन्मात कधी कुणी संडासातून परत यावं म्हणून मी इतकी वाट बघितली नसेल. खरं बोलली असेल की वेळ मारून नेली असेल? अमेरिकन माणसं तोंडावर कधी वाईट बोलतात का? गिरीश तसाच उभा, गुडघाभर पाण्यात, नजर त्या दाराकडे. मी काठावर, नजर त्या दाराकडे. पलीकडे फ्लश झाल्याचं ऐकू आलं. नळाचा आवाज आला. दार उघडलं. ती बाहेर आली, काठावरच्या शॉवरखाली अंग ओलं केलं, हॅट सरळ केली आणि थेट गिरीश उभा होता त्याच पायऱ्यांकडे आली.

"तुम्ही आत जाताय की बाहेर येताय?" ती त्याला म्हणाली. "रस्ता अडवलाय तुम्ही."

गिरीश सरकला. त्याच्या कोपराला कोपर घासून ती पाण्यात उतरली, उथळ बाजूला जाऊन पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली.

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच काठावर बसकण मारली, टॉवेलबिवेल काही नाही, डोनाचा एकुलता एक नियम मोडून. गिरीशने एक मोठा श्वास घेतला आणि पाण्यात सूर मारला. हात मारत पलीकडे गेला, भिंतीला पाय लावून वळला, परत आला, पुन्हा गेला. नदीतली माणसं पोहतात तसं, डोकं वर ठेवून, आवाज करत. मी सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात पाय सोडले आणि ओढणीत तोंड घालून मनसोक्त रडले. गवती हॅटवालीने न विचारता मला तिचा आइस टी आणून दिला.

दमल्यावर तो वर आला. अंग पुसलं आणि माझ्या शेजारी टॉवेल अंथरून पालथा पडला, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत.

"लते, पाठीला सनस्क्रीन लाव गं," म्हणाला. "पांढरी कातडी लगेच भाजते. माझा हात पोचत नाही तिथे."

"मग इतकी वर्षं कोण लावत होतं?"

"कोण लावणार?"

मी ट्यूब हातावर पिळली आणि खांद्यापासून सुरुवात केली. पांढरं काय, सावळं काय, सगळीकडे सारखंच ऊन लागून गरम झालं होतं.

"हळू गं. केवढ्या जोरात चोळतेस."

"गप्प पड," मी म्हटलं. "किती वर्षांनी हाताला लागलीये ही पाठ."