उंबऱ्याबाहेरचं कानडी

"डॉक्टर, तुमाला कानडी येतं का हो?"

अयोध्यानं खणखणीत विचारलं आन् बाकड्यांवरचे सगळे पेशंट वळून बघायला लागले. दहावीतल्या तिघी मैत्रिणी कबड्डीसाठी डॉक्टरांचा दाखला घ्यायला उमरग्याच्या या दवाखान्यात आल्या होत्या. तिरसट डॉक्टरांना हे विचारून दाखव, दोन प्लेट भजी माझ्याकडून, अशी पैज वैष्णवीनं लावली होती.

डॉक्टर चक्क हसले. "कशाला यायला पाहिजे? सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावांतले पेशंट मान हलवतात की. बघ." समोरच्या म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, पोट दुखतं?" म्हातारीनं मान हलवली. "डोळे?" हलवली. "गुडघे?" पुन्हा हलवली. वैष्णवी फिदीफिदी हसली.

अयोध्याला हसू आलं नाही. मराठी कळलं नाही तरी मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिची आई हरणाबाईसुद्धा बँकेत, शाळेत अशीच मान हलवायची. घरात सगळं कानडीच. पण वडील, बंडप्पा, शाळेत असताना पोरांनी त्यांना कानडीवरून चिडवून रडवलं होतं, तेव्हापासून त्यांचा एकच नेम: कानडी उंबऱ्याच्या आत. अयोध्यानंही मैत्रिणींना कधी पत्ता लागू दिला नव्हता.

गेला तो नेम खड्ड्यात! ती म्हातारीपुढं उकिडवी बसली. "अव्वा, एल्लि नोवु?" कुठं दुखतंय?

म्हातारी जी बोलत सुटली! अयोध्या एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. पोट नाही, डोळे नाहीत. चार पायऱ्या चढल्या की छाती दाटते, डावा हात जड पडतो. डॉक्टरांचं हसू मावळलं. "आत घ्या यांना. ईसीजी काढा, लगेच!"

"आगं, तू कानडी?" वैष्णवीनं आ वासला.

"व्हय. आन् मराठी बी. भजी आण आता."

संध्याकाळी बंडप्पा पंक्चरच्या दुकानातून आले ते कानडीत तणतणतच. "गावभर झालंय. लोक हसत्याल, पोरी."

"हसू द्या की, आप्पा." तिनं पुठ्ठा पुढं धरला. त्यावर लिहिलं होतं: कुठं दुखतं, कधीपासून, गोळी जेवल्यावर घ्या. मराठी, कानडी, तेलुगू. तेलुगू त्यांच्याच दुकानात थांबलेल्या ट्रकवाल्याला विचारून लिहिलेलं.

"ह्यो दवाखान्याच्या दारावर लागणार. दर रविवारी मी तिथं बसणार, डॉक्टरांना सांगून आले. खाली नाव बी लिवलंय, अयोध्या बंडप्पा. आन् आई, तू येशील तवा मान हलवायची न्हाय. बोलायचं."