पहिले पाच तास

"काका, या चालीनं मैदान पुढच्या वर्षी संपेल," मी म्हणाले.

काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गवत कापायचं नवं कोरं मशीन ते अर्ध्या वेगानं ढकलत होते. गवताचे नुसते शेंडे उडत होते. सव्वीस वर्षं अर्ज केल्यावर शाळेनं मशीन घेतलं, ते त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा. त्यांच्या जागी मी लागले होते. शनिवारी मुलांच्या शर्यती, आणि मोठ्या बाई खिडकीतून सारख्या मैदानाकडे बघायच्या.

"पहिले पाच तास इंजिनाला दमवायचं नाही, रोज अर्धा-पाऊण तासच. आतलं सगळं एकमेकांशी रुळू दे," काका म्हणाले. "मग तेल बदलायचं आणि हवं तसं पळवायचं."

"नवी सून आणल्यासारखं करताय."

"सुनेला निदान माहेर असतं."

गुरुवारी ते पेन्शनच्या कागदांसाठी गेले आणि मोठ्या बाईंचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत अर्धं मैदान हवं. मला मुळातच धीर कमी. लिव्हर पुढे ढकललं, तेवढ्यानं भागेना म्हणून वेगाचा स्क्रूही दोन फेरे पिळला. इंजिन किंचाळायला लागलं, गवत भराभर आडवं झालं आणि मला शिंगं फुटली.

काकांनी तो आवाज फाटकातूनच ओळखला. त्यांना पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मशीन बंद केलं.

"किती वेळ चाललं?"

"पंधरा मिनिटं. चुकलं माझं."

त्यांनी शेडमधल्या जुन्या मशीनकडे बोट दाखवलं. "तेही नवंच आलं होतं. तेव्हाही शर्यतीच होत्या. पहिल्याच दिवशी पूर्ण वेगावर सोडलं. मग जन्मभर तेल पीत राहिलं नि धूर ओकत राहिलं."

"कोणी सोडलं?"

"मीच. दुसरं कोण?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि कान तिरका करून स्क्रू पाव पाव फेऱ्यानं मागे आणला.

शर्यती अर्धवट कापलेल्या गवतात झाल्या. मोठ्या बाई बोलल्या तेव्हा काका म्हणाले, "मीच सांगितलं होतं हळू चालवायला." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पाच तास भरले. काकांनी तेल काढलं, बोटावर घेऊन उन्हात धरलं. धातूच्या कणांची बारीक चकाकी होती. "ठीक आहे. एवढं येतंच," ते म्हणाले. नवं तेल भरून त्यांनी हात पुसले.

"आता तुम्ही चालवा काका. पूर्ण सोडून."

त्यांनी दांड्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि काढून घेतला. "नको. माझी वेळ झाली."

ते डबा घेऊन निघाले. मी लिव्हर पुढे केलं. आवाज भरदार आणि एकसारखा लागला, धुराचं नाव नव्हतं. काका फाटकाशी थांबले, कान तिरका केला, पण वळले नाहीत.

शेवटची रांग संपली तेव्हा ते अजून रस्त्यावर दिसत होते. मग मी मशीन वळवलं आणि कापलेल्याच गवतावरून, ते कोपऱ्याआड जाईपर्यंत, चालवत राहिले.