पाटीवर नसलेली हेस्टर

"हेस्टरचं नाव वर आहे की शेवटी?" कोटाची बटणं चाचपत ऑडेलने विचारलं.

व्हर्लीनने त्याचं वरचं बटण लावून दिलं. "शेवटी, दादा."

साखरेच्या दुखण्याने भावाचे डोळे गेले होते. हेस्टरचं नाव पुतळ्याखालच्या पाटीवर नाहीच, हे त्याला कोण सांगणार?

अमेरिकेत, केंटकीतल्या त्यांच्या गावात, कोर्टासमोर, आज त्यांच्या खापरपणजोबांच्या, पेटनच्या, पुतळ्याचं अनावरण होतं. गुलामीविरुद्धच्या लढाईत पेटन मालकाच्या मळ्यातून पळाला आणि सरकारी फौजेच्या छावणीत जाऊन शिपाई झाला. मागोमाग बायको हेस्टर नि धाकटी लेक लूसी आसऱ्याला आल्या. पेटनच्या खांद्यावर सरकारी बंदूक होती, आणि ऐन थंडीत त्याच सरकारच्या शिपायांनी बायकापोरांना छावणीबाहेर काढून त्यांच्या झोपड्या पेटवल्या. लूसी वाटेतच गारठून दगावली.

स्मारक समितीचे अध्यक्ष व्हिटलो गोड बोलून व्हर्लीनला म्हणाले होते, "शौर्य लिहू या की! रडगाणं कशाला? लोक बिथरले तर पुतळाही जाईल." ऑडेल स्वतः व्हिएतनामला लढून आलेला. आता त्याचं हृदयही थकलं होतं. त्याच्या हयातीत हे व्हावं म्हणून हेस्टरचं नाव गाळायला ती हो म्हणून बसली.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. सुटलो, असं तिला वाटतंय तोच ऑडेल म्हणाला, "पाटीपाशी ने मला."

"ऊन फार आहे रे. नंतर येऊ."

"मी काय लोणी आहे वितळायला? चल!"

एका हाताने त्याने तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताची बोटं उठावाच्या अक्षरांवर ठेवली. पेटनचं नाव लागलं तसा तो लहान पोरासारखा हसला. मग 'शूर', मग 'एकनिष्ठ'. बोटं खालच्या कडेला पोचली, परत वर गेली, पुन्हा खाली आली. मनगटावरची पकड घट्ट होत गेली. चारी बाजूंनी माणसं, समोर कॅमेरे.

"व्हर्ले, मी कुठं चुकतोय गं?"

व्हिटलो पुढे झाले. "लागलं ना सगळं, ऑडेलसाहेब?"

"हेस्टर सापडेना."

"बाईंनी सांगितलं नाही? त्यांच्या संमतीनंच वगळलंय."

ऑडेलने तिचं मनगट सोडलं. धरलं होतं ते बरं होतं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर त्याच्या ताटातला तळलेला मासा तसाच गार झाला. "दादा, तुझ्यासाठीच केलं रे," ती म्हणाली.

"मी मागितलं होतं?"

शनिवारी तो घडीची खुर्ची काखोटीला मारून दारात उभा राहिला. "ने मला."

आता दर शनिवारी तो पुतळ्यापाशी बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हेस्टरची, लूसीची हकीकत सांगतो. माणसं थांबतात, काहींचे डोळे भरतात. पाटी मात्र आहे तशीच आहे. शेवटी कुणीतरी विचारतंच, मग त्यांची नावं इथं का नाहीत?

"हिला विचारा," ऑडेल म्हणतो.

तो पडला आंधळा. त्याला तिथं एकटं सोडून जाता येत नाही. व्हर्लीन खुर्चीमागे उभी असते, आणि आपण हो कसं म्हटलं, ते दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगते.