नागमोडी लव

"या खोलीत हल्ली चहा अर्धाच कप का मिळतो?" मावशी कपात डोकावत पुटपुटली. "गायी संपावर गेल्यात का?"

सुकवलेली झाडं कागदावर चिकटवणारे डिंकराव मान खाली घालून ब्रश फिरवत राहिले. त्यांचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुणालाच आठवत नसे. भाचीनं किटलीचं झाकण उगाचच नीट लावलं. अर्धा कप भरायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. मावशीच्या बशीत चहा सांडायला लागला तेव्हापासून ते आपोआप होत गेलं होतं, एवढंच.

मावशी चौतीस वर्षं या संग्रहालयात झाडांची चित्रं काढत होती. भाचीला बोट धरून पहिलं गवतफूल दाखवलं तेही तिनंच. भाची पुढे शिकून संशोधक झाली. यंदा डोंगरमाथ्यावरच्या कुरणात, भटकंतीच्या चौथ्या दिवशी, बुटाची नाडी बांधायला वाकली तर गवतात तिला टाचणीच्या डोक्याएवढं निळं फूल दिसलं. कुठल्याच पुस्तकात नसलेलं. गुडघ्यांचं निमित्त सांगून मावशी बरोबर गेली नव्हती. पण झाड खाली आल्यावर तिनं ते पाळण्यातलं मूल पाहावं तसं न्याहाळलं आणि दोन महिने खपून त्याचं चित्र काढलं.

आज त्या झाडाचं वर्णन छापायला जायचं होतं. भाचीनं शेवटचा हात फिरवायला घेतला. 'खोडावरची लव नागमोडी' हा पहिला फरक; खालच्या उतारावर वाढणाऱ्या त्याच्या चुलतभावाची लव सरळ असते. लवेची लांबी तेवढी मोजायची राहिली होती, म्हणून तिनं खोडाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला.

लव सरळ होती. सुईसारखी.

तिनं दुसरा नमुना पाहिला, तिसरा पाहिला. सरळच. पाकळ्या तिनं स्वतः मोजल्या होत्या, बिया स्वतः चिरल्या होत्या. लव मात्र चित्रावरून लिहिली होती. मावशीच्या चित्रात आहे म्हणजे झाडावर आहे, हे ती परकरात होती तेव्हापासून धरून चाललेली. तिनं मूळ चित्र जवळ घेतलं. शेकडो बारीक रेघा, आणि प्रत्येक रेघेला तीच लहर.

झाड नवीनच होतं. फूल आणि बी साक्ष द्यायला पुरेशी होती. पण चित्र असंच छापलं तर उद्या कुणीतरी त्या कुरणात भिंग घेऊन वाकडी लव शोधत बसेल, आणि हे झाड पायाशी असूनही त्याला ओळखणार नाही. चित्र परत करावं, तर कारण सांगावं लागेल.

डिंकराव मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना सांगावं लागलं नाही. "लवेचं राहूच द्या ना," ते हलकेच म्हणाले. "एवढ्याशा रेघा कोण बघतंय?"

"झाड बघतंय. तिनंच शिकवलंय मला."

"काय खुसुरफुसुर चाललीय?" मावशीनं विचारलं.

"काही नाही गं. काच धुरकट झालीय वाटतं."

"काच सकाळीच पुसलीय मी. सरक."

मावशीनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ तो तिथून हटवला नाही. मग चित्र पाहिलं. पुन्हा आत पाहिलं. भाची नखं कुरतडत होती. डिंकरावांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

मावशी उठली. चित्र उचलून तिनं लांबच्या कपाटावर ठेवलं, किटली घेतली आणि आपला कप काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी उचलला, तरी टेबलावर ओघळ आलाच. तिनं तो पदरानं पुसला.

"नवा कागद घे," ती भाचीला म्हणाली. "टाक माझाच घे, तो सवयीचा आहे. बाकीचं चित्र जुन्यावरून उतरवून घेऊ गं, लव तेवढी नव्यानं काढ. खालून वर, एका दमात, मनगट न टेकता. मी शेजारी बसते."

"मला तुझ्यासारखं नाही जमणार, मावशी."

"मलाही नाही जमत आता," मावशी म्हणाली. "हात थरथरतो माझा."